दुसऱ्या पसंतीचे मोल

महाराष्ट्र विधान परिषदेतील पाच जागांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये पुरी होत आहे. पुणे, नागपूर आणि औरंगाबाद (म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर) या विभागांचे तीन पदवीधर मतदारसंघ आणि पुणे व अमरावती या विभागांचे दोन शिक्षक मतदारसंघ, अशा या पाच जागा होत. विधानसभेच्या निवडणुकीला जो गाजावाजा लाभतो त्याचा शतांशही या निवडणुकीच्या वाट्याला येत नाही. चौकाचौकांत कमानी उभ्या राहत नाहीत, की रात्री उशिरापर्यंत सभा रंगत नाहीत. सुशिक्षितांची निवडणूक आहे, ती शांतपणेच व्हावयाची, असे यावर म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हाला मात्र ही शांतता विचारी माणसाची न वाटता बेफिकीर माणसाची वाटते, आणि तसे वाटण्यास सबळ कारणे आहेत.

पहिले कारण मतमोजणीच्या टेबलावर दिसते. पदवीधर मतदारसंघाची कल्पनाच मुळी अशी की, शिक्षणाने ज्याची विवेकबुद्धी घडली आहे त्याचा आवाज विधिमंडळात स्वतंत्रपणे उमटावा. त्या मतदाराने फक्त एका कागदावर एक आकडा लिहावयाचा असतो. असे असूनही दर निवडणुकीत बाद मतांची संख्या हजारांच्या घरात जाते. कोणी आकड्याऐवजी बरोबरची खूण करतो, कोणी अक्षरांत ‘एक’ असे लिहितो, कोणी दोन उमेदवारांपुढे १ हाच आकडा घालतो, आणि कोणी तर मतपत्रिकेवर सही ठोकून मोकळा होतो. जन्मभर परीक्षेच्या उत्तरपत्रिका लिहिलेल्या अगर तपासलेल्या वर्गाकडून हे व्हावे, याला काय म्हणावे?

परंतु बाद मते हा या रोगाचा केवळ वर दिसणारा पुरळ आहे. खरा बिघाड जी मते वैध ठरतात त्यांत आहे, आणि तो समजावून घ्यावयाचा तर मतदानाची ही पद्धत मुळापासून पाहिली पाहिजे.

घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने विधान परिषदेची रचना सांगितली आहे. आपल्या परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांतील ३० विधानसभेचे सदस्य निवडून देतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून येतात, १२ राज्यपाल नामनियुक्त करतात, आणि उरलेल्या १४ पैकी ७ पदवीधरांचे तर ७ शिक्षकांचे प्रतिनिधी असतात. परिषद कधीही विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात व प्रत्येकाची मुदत सहा वर्षांची असते. त्याच अनुच्छेदाने असेही ठरविले आहे की, निवडून यावयाच्या या जागा एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीने भराव्यात. नाव जड आहे, पण अर्थ साधा. मतदाराला मत एकच. मात्र ते मत एका उमेदवाराच्या उपयोगी पडले नाही, तर कोणाकडे जावे हेही मतदारानेच आधी लिहून ठेवावयाचे. पहिली पसंती १, दुसरी २, तिसरी ३, अशा क्रमाने हवे तितके आकडे लिहिण्याची त्याला मुभा आहे.

येथे यंत्र नाही, कागदाची मतपत्रिका आहे. तीवर पक्षाचे चिन्ह नसते. मतदान केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच आकडा लिहावा लागतो. खिशातले पेन चालत नाही. आकडा मराठी, रोमन किंवा आंतरराष्ट्रीय वळणाचा, कसाही चालतो. १ हा आकडा कोठेच नसेल किंवा एकाहून अधिक नावांपुढे असेल, तर ती मतपत्रिका बाद. १ नंतर २ न लिहिता एकदम ३ लिहिले असेल तर पहिली पसंती धरली जाते, पण पुढचा मार्ग तेथेच खुंटतो. नियम इतकेच आहेत. सातबाराच्या उताऱ्यापेक्षा ते नक्कीच सोपे आहेत.

आता मोजणीकडे वळू. विधानसभेला ज्याला सर्वांत अधिक मते तो निवडून येतो. मग ती एकूण मतांच्या तिसऱ्या हिश्शाइतकी का असेनात. येथे तसे नाही. एका जागेच्या निवडणुकीत वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक मत मिळाले पाहिजे. यालाच कोटा म्हणतात. कोणालाच कोटा गाठता आला नाही तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार स्पर्धेतून काढला जातो, त्याच्या मतपत्रिका पुन्हा उघडल्या जातात, आणि प्रत्येक मतपत्रिकेवर पुढची पसंती ज्याला दिली असेल त्याच्या खात्यात ती जमा होते. मग त्यावरचा, मग त्यावरचा, असे करीत कोणी कोटा गाठेपर्यंत किंवा एकच उमेदवार शिल्लक राहीपर्यंत ही क्रिया चालू राहते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वैध मते ९६,००० आहेत असे समजा. कोटा झाला ४८,००१. पाच उमेदवारांना पहिल्या पसंतीची मते अशी पडली: क ला ४०,०००, ख ला ३६,०००, ग ला ११,०००, घ ला ६,००० आणि च ला ३,०००. विधानसभेच्या हिशेबाने क केव्हाच गुलालात न्हाला असता. येथे तो कोट्यापासून आठ हजार मते दूर आहे. प्रथम च बाहेर पडतो. त्याच्या तीन हजार मतपत्रिकांपैकी ४०० क कडे, १,१०० ख कडे आणि ७०० ग कडे जातात. ८०० मतपत्रिकांवर दुसरी पसंतीच नाही, त्या तेथेच संपतात. मग घ बाहेर पडतो. त्याच्या सहा हजारांतून क ला ७००, ख ला २,३००, ग ला १,०००, आणि २,००० संपलेल्या. आता क ४१,१००, ख ३९,४०० व ग १२,७०० असे तिघे उरले. ग बाहेर पडतो. त्याच्या मतदारांपैकी १,७०० जणांनी क ला व ४,६०० जणांनी ख ला पुढची पसंती दिली आहे, आणि ६,४०० जणांनी १ लिहून हात झटकले आहेत. अखेरचा हिशेब: क ४२,८००, ख ४४,०००, संपलेल्या मतपत्रिका ९,२००.

या टप्प्यावर क मागे पडला, तो बाहेर जातो, आणि एकटा उरलेला ख निवडून आला असे जाहीर होते. प्रारंभी चार हजार मतांनी मागे असलेला उमेदवार पुढे गेला, यात गैर काही नाही; जे तिघे बाहेर पडले त्यांच्या मतदारांना क पेक्षा ख बरा वाटला, एवढाच याचा अर्थ. गैर आहे ते निराळेच. शेवटच्या दोघांतील अंतर १,२०० मतांचे आणि संपलेल्या मतपत्रिका ९,२००. म्हणजे निकाल फिरविण्याचे सामर्थ्य ज्यांच्या हाती होते, ते अंतिम निर्णयाच्या वेळी जणू सभागृहातून उठून गेले होते. शिवाय ४८,००१ हा कोटा ख लाही गाठता आलेला नाही. निवडून येणारा निम्म्याहून अधिक मतदारांना मान्य असावा, हा जो या पद्धतीचा सारा हेतू, तोच पुऱ्या न केलेल्या मतपत्रिकांनी विफल केला.

आता कोणी म्हणेल की, ही उदाहरणे पाटीवरची. प्रत्यक्षात दुसऱ्या पसंतीने कधी काही घडले आहे काय? फार लांब जावयास नको. राज्यसभेची निवडणूक याच पद्धतीने होते. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रात सहा जागांसाठी सात उमेदवार उभे होते. शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मते होती, भाजपचे धनंजय महाडिक यांना २७. निवडून आले महाडिक. भाजपच्या पहिल्या दोन उमेदवारांना प्रत्येकी ४८ मते मिळाली होती, कोटा एक्केचाळिसाच्या आतबाहेर होता, आणि कोट्याहून अधिक असलेल्या मतांचे मूल्य दुसऱ्या पसंतीच्या वाटेने महाडिकांकडे वाहत गेले. एका जागेच्या निवडणुकीत मते खालून वर चढतात; अनेक जागांच्या निवडणुकीत ती वरूनही खाली उतरतात, इतकाच फरक. त्यानंतर दहाच दिवसांनी, २० जूनला, विधान परिषदेच्या दहा जागांसाठी अकरा उमेदवारांत झालेल्या मतदानात काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि त्या रात्री राज्याच्या राजकारणात जी उलथापालथ सुरू झाली ती सर्वांच्या स्मरणात आहे.

आमदारांविषयी आपला सुशिक्षित वर्ग फारशा आदराने बोलत नाही. पण या आमदारांनी आकडा कोणता, कोणापुढे आणि कशासाठी लिहावयाचा याची जी उजळणी केली होती, तिच्या दहावा हिस्सा उजळणी पदवीधर मतदाराने करावी, तर या मतदारसंघांचे रूप पालटेल. ज्याला आपण केवळ सत्तेचा खेळाडू समजतो तो दुसऱ्या पसंतीचा थेंबन्‌थेंब वापरतो, आणि ज्याला आपण विचारवंत समजतो तो ती तशीच सांडून देतो.

असे का होते? एक कारण प्रचाराचे आहे. “आमच्या उमेदवारापुढे १ लिहा आणि थांबा” असे आर्जव बहुतेक मोठ्या उमेदवारांकडून केले जाते. त्यामागे अशी समजूत पसरविलेली असते की, दुसरी पसंती दिल्याने पहिल्याचे नुकसान होते. ही समजूत सपशेल खोटी आहे. एका जागेच्या निवडणुकीत आपली दुसरी पसंती तेव्हाच उघडली जाते जेव्हा आपल्या पहिल्या पसंतीचा उमेदवार स्पर्धेतून बाद झालेला असतो. तो जोपर्यंत उभा आहे तोपर्यंत पुढचे आकडे कोणी वाचीतच नाही. गेलेल्याचे नुकसान ते काय व्हावयाचे! वरच्या उदाहरणात क आणि ख यांच्या मतदारांनी दुसरी पसंती कोणाला दिली होती हे निकालापर्यंत पाहिलेच गेले नाही. पाहिली गेली ती ग, घ आणि च यांच्या मतदारांची. म्हणजे ‘थांबा’ हा सल्ला मोठा उमेदवार आपल्या मतदाराला देतो, त्यात त्याचे स्वतःचे काहीच जात नाही. परंतु ती सवय साऱ्या मतदारसंघात पसरते, लहान उमेदवाराचा मतदारही ती उचलतो, आणि आघाडीवर असलेल्याचा मार्ग आपोआप निष्कंटक होतो.

येथेच आम्हाला जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते येते. आपल्या शहरी मध्यमवर्गाची निवडणुकीसंबंधी एक जुनी तक्रार आहे. चांगला माणूस उभा राहतो, पण तो पडणार हे ठाऊक असते; त्याला मत दिले तर ते फुकट जाईल आणि नको तो निवडून येईल, म्हणून नाइलाजाने दोन वाइटांतून कमी वाईट पाहून मत द्यावे लागते, ही ती तक्रार. विधानसभेच्या आणि लोकसभेच्या निवडणुकीपुरती ती खरीही आहे. पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत मात्र तिला तिळमात्र आधार नाही. एखादा निष्ठावंत शिक्षक, एखादा अभ्यासू कार्यकर्ता, ज्याच्यामागे पैसा नाही आणि पक्ष नाही, त्याच्यापुढे निःशंकपणे १ लिहावा. त्यानंतर जो त्यातल्या त्यात बरा वाटतो त्या मोठ्या पक्षाच्या उमेदवारापुढे २ लिहावा. पहिला पडला तर मत दुसऱ्याकडे जाईल; फुकट जाणार नाही. मनातली पसंती आणि व्यवहारातली पसंती या दोन्ही एकाच कागदावर लिहिण्याची सोय सामान्य मतदाराला आपल्या देशात दुसऱ्या कोणत्याही मोठ्या निवडणुकीत मिळत नाही. जो वर्ग चहाच्या कपावर रोज निवडणूक पद्धती सुधारण्याच्या गोष्टी बोलतो, त्याच्याच हातात सुधारलेली पद्धत घटनेने १९५० पासून देऊन ठेवली आहे, आणि तो तिचा उपयोग शिक्का मारल्यासारखा करतो.

ही सोय निव्वळ कागदावरची नाही, हे अलीकडच्या निकालांवरूनही दिसेल. डिसेंबर २०२० मध्ये अमरावती शिक्षक मतदारसंघात अपक्ष किरण सरनाईक निवडून आले. त्याच वेळी नागपूर पदवीधर मतदारसंघात, जेथून नितीन गडकरी अनेक वर्षे परिषदेवर जात होते, काँग्रेसचे अभिजित वंजारी यांनी भाजपचे संदीप जोशी यांचा पराभव केला. २०२३ साली नाशिक पदवीधर मतदारसंघातून सत्यजित तांबे अपक्ष म्हणून विजयी झाले, तर अमरावती पदवीधर मतदारसंघात २ फेब्रुवारीस सुरू झालेली मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालून काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी माजी राज्यमंत्री रणजित पाटील यांना मागे टाकले. अर्थात सर्वच ठिकाणी अशी चुरस होते असे नव्हे. पुणे पदवीधर मतदारसंघात २०२० साली राष्ट्रवादीचे अरुण लाड यांना १,२२,१४५ आणि भाजपचे संग्राम देशमुख यांना ७३,३२१ मते पडली. तेथे दुसऱ्या पसंतीची वेळच आली नाही. पण साठाहून अधिक उमेदवार उभे असलेल्या त्या मतपत्रिकेवर पहिल्या दोघांखेरीज आणखी कोणाचा विचार किती मतदारांनी केला असेल, हा प्रश्न उरतोच.

हे झाले मत देणाऱ्यांविषयी. मत न देणाऱ्यांची कथा याहून उद्वेगजनक आहे. विधानसभेच्या यादीत एकदा नाव लागले की ते राहते. पदवीधर मतदारसंघाची यादी मात्र प्रत्येक निवडणुकीसाठी कोऱ्या कागदापासून नव्याने तयार होते. सहा वर्षांपूर्वी आपण मत दिले होते, याला काडीचाही अर्थ नाही. नमुना १८ भरून पुन्हा अर्ज करावा लागतो. शिक्षकांसाठी नमुना १९. या खेपेच्या यादीसाठी १ नोव्हेंबर २०२५ ही अर्हता तारीख धरली आहे. तिच्या आधी किमान तीन वर्षे पदवी मिळालेली असावी व अर्जदार त्या विभागातील रहिवासी असावा, एवढीच अट. शिक्षकांच्या बाबतीत मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्याहून वरच्या शिक्षणसंस्थेत शिकविलेले असावे लागते.

पुणे विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. त्यांत विधानसभेचे ५८ मतदारसंघ आहेत. एवढ्या अफाट प्रदेशातील पदवीधरांचा प्रतिनिधी एक, आणि २०२० साली यादीत नावे होती सुमारे सव्वाचार लाख. एकट्या पुणे शहरातील महाविद्यालये मनाशी मोजून पाहावीत, आणि या पाच जिल्ह्यांत पदवीधर किती असतील व त्यांतील किती यादीबाहेर राहिले असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

यादी आपण होऊन वाढत नाही, ती वाढविली जाते. आणि वाढविणारे असतात इच्छुक उमेदवार व त्यांचे पक्ष. निवडणूक आयोग गठ्ठ्याने आलेले अर्ज स्वीकारीत नाही; संस्थाप्रमुखाने आपल्या कर्मचाऱ्यांचे किंवा कुटुंबातील एकाने घरच्यांचे अर्ज एकत्र द्यावेत, इतकीच सवलत आहे. तरीही कोऱ्या नमुन्यांचे वाटप, पदवी प्रमाणपत्रांच्या प्रतींची जमवाजमव, साक्षांकनासाठी अधिकारी गाठणे ही सारी यातायात ज्याच्या हाताखाली शिक्षणसंस्थांचे, पतपेढ्यांचे आणि कारखान्यांचे जाळे आहे त्यालाच परवडते. परिणाम असा की, मतदाराने उमेदवार निवडण्याच्या कितीतरी आधी उमेदवाराने मतदार निवडलेले असतात. ज्याच्या शिपायाने आपला अर्ज नेऊन दिला त्याला मत न देण्याइतका मनाचा कठोरपणा आपल्या समाजात थोड्यांकडेच असतो. जो स्वतः जाऊन अर्ज देतो तोच या मतदारसंघातला खरा स्वतंत्र मतदार, आणि त्याची जात दुर्मिळ होत चालली आहे.

तरुण पदवीधर यावर विचारील की, हा मतदारसंघ हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. शेतमजुराला विधिमंडळासाठी एक मत, पदवीधराला दोन, आणि पदवीधर जर शिक्षक असेल तर तीन, ही वाटणी समतेच्या तत्त्वाशी जुळविणे कठीणच. ब्रिटनमध्ये विद्यापीठांना पार्लमेंटात स्वतंत्र जागा होत्या. १९४८ च्या कायद्याने त्या गेल्या आणि १९५० च्या निवडणुकीत त्या नव्हत्या. म्हणजे त्यांनी जे अडगळीत टाकले तेच त्याच वर्षी आपण घटनेत घेतले. आयर्लंडमध्ये वरिष्ठ सभागृहातील अशा जागा आजही आहेत, पण ठरावीक विद्यापीठांपुरताच असलेला तो अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अमान्य केला आणि २०२४ च्या कायद्याने तो साऱ्या उच्चशिक्षितांसाठी खुला केला. आपल्याकडे १६९ व्या अनुच्छेदाने परिषद रद्द करण्याचा मार्ग मोकळा ठेवला आहे. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये आणि तामिळनाडूने १९८६ मध्ये तो पत्करला. आज सहाच राज्यांत विधान परिषदा उरल्या आहेत. गंमत अशी की, पदवीधरांचा प्रतिनिधी स्वतः पदवीधर असलाच पाहिजे असा नियमही नाही. मद्रासकडील एका प्रकरणात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्वाळा दिला आहे.

तथापि महाराष्ट्रातील परिषदेची परंपरा अगदीच सामान्य नाही. रोजगार हमी योजनेची कल्पना ज्यांनी मांडली आणि तडीस नेली ते वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते. ग. प्र. प्रधान यांच्यासारखा प्राध्यापक पुण्याच्या पदवीधर मतदारसंघातून निवडून जाऊन अठरा वर्षे तेथे बसला, आणि विरोधकांनीही त्यांचे भाषण कान देऊन ऐकावे असा त्यांचा लौकिक होता. प्रधानांच्या वेळी या मतदारसंघाला जे वजन होते ते त्या सभागृहाच्या अधिकारांमुळे आलेले नव्हते. अर्थविधेयकावर परिषदेचे तेव्हाही काही चालत नसे. ते आले होते, मतदार कोणाच्या तरी सांगण्यावरून नव्हे तर स्वतः पारखून माणूस पाठवितात, या लोकांच्या विश्वासामुळे. तो विश्वास गेला तर हा मतदारसंघ म्हणजे ज्यांना विधानसभेत जागा मिळाली नाही त्यांची सोय लावण्याचे ठिकाण, एवढेच त्याचे स्वरूप राहील. मग तो रद्द करावा असे कोणी म्हटले तर त्याच्याशी वाद घालण्यास आमच्याजवळ तरी युक्तिवाद उरणार नाही.

निवडणूक आयोगानेही काही गोष्टी सहज करण्यासारख्या आहेत. बाद मतांची संख्या निकालाबरोबर जाहीर होते; तशीच संपलेल्या मतपत्रिकांची संख्या, फेरीवार, ठळकपणे जाहीर व्हावी. किती मतदारांनी केवळ एकच आकडा लिहिला हे एकदा लोकांसमोर आले, म्हणजे चर्चेला पाया मिळेल. मतदान केंद्रावर नियमांचा जो फलक लावतात त्यात काय करू नये याची यादी असते. त्यात आणखी एक ओळ घालावी: पुढची पसंती दिल्याने आधीच्या पसंतीच्या उमेदवाराची मते कमी होत नाहीत. ही ओळ कोणत्याही पक्षाच्या बाजूची नाही आणि विरोधातलीही नाही. विद्यापीठांनीही पदवीदान समारंभाच्या दिवशी प्रमाणपत्राबरोबर तीन वर्षांनंतर लागणाऱ्या नमुना १८ ची माहिती हाती दिली, तर फार मोठा खर्च येणार नाही.

यादीच्या संबंधात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अंतिम यादी प्रसिद्ध झाली म्हणजे दार कायमचे बंद झाले असे पुष्कळांना वाटते. कायद्याने तसे नाही; उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख उलटेपर्यंत यादीत नाव घालता येते, मात्र छाननीला लागणारे दिवस धरून अर्ज त्याच्या पुरेसा आधी पोहोचला पाहिजे. पुणे विभागापुरते बोलावयाचे तर मतदार नोंदणी अधिकारी विभागीय आयुक्त आहेत आणि अर्ज तहसील कार्यालयातील पदनिर्देशित अधिकाऱ्याकडेही देता येतो. सोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत आणि रहिवासाचा पुरावा लागतो. अर्ज स्वतः नेऊन द्यावा, आणि पोच मागून घ्यावी.